तिसरी किडनी

माझ्या आईने माझ्या बायकोला किडनी दिली, असं मी सांगतो तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं माझ्या बोलण्यात काहीतरी गडबड झाली. "म्हणजे त्यांच्या आईने," असं म्हणून लोक मला दुरुस्तही करतात. मग मी पुन्हा सांगतो. सासूने सुनेला दिली.

आम्ही जामखेडला राहायचो. मी हायस्कूलमध्ये मराठी शिकवतो, बायको त्याच शाळेत विज्ञान शिकवायची. आई गावी, जामखेडपासून अर्ध्या तासावर. वडील मी लहान असतानाच गेले. थोडी कोरडवाहू जमीन, ज्वारी, उडीद, दोन शेळ्या, एवढ्यावर आईने मला शिकवलं आणि नोकरी लागल्यावरही ती गाव सोडून माझ्याकडे आली नाही. "तुमच्या तिथं दिवसभर दार लावून बसावं लागतं," असं म्हणायची. खरं कारण वेगळं होतं. तिचं आणि सुनेचं पटत नव्हतं. हमरीतुमरी कधी झाली नाही, पण दोघी एका स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या की भांड्यांचा आवाज वाढायचा. सुनेला भाकरी थापता येत नाही, आणि न येणाऱ्या गोष्टीची तिला लाजही वाटत नाही, हे आईचं दुखणं. सासूबाई आपल्या हातच्या चहालाही नाव ठेवतात, हे बायकोचं. मला विचाराल तर दोघींचं खरं होतं.

लग्नानंतर काही वर्षांनी बायकोला दिवस गेले. सातव्या महिन्यात तिचे पाय सुजले, डोकं दुखायला लागलं, एका सकाळी फळ्यावरची अक्षरं दिसेनाशी झाली. तिला तडक नगरला नेलं. बाळ राहिलं नाही. मुलगी होती. त्या धक्क्यातून आम्ही सावरतोय तोच डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की दोन्ही किडन्या फार आधीपासून खराब होत आल्या असणार, गरोदरपणाच्या ताणाने ते उघड झालं एवढंच. आता एक तर कायम डायलिसिस, नाहीतर किडनी बदलायची.

तिच्या आईला साखरेचा आजार होता, तिला किडनी देता येईना. भाऊ तयार झाला, पण त्याचा रक्तगट बसेना. माझाही बसला नाही. हे सगळं आम्ही नगरच्या दवाखान्यात, तिच्या कॉटशेजारी, हळू आवाजात बोलत होतो. आई गावाहून डबा घेऊन आली होती आणि पायाशी बसून सगळं ऐकत होती. मध्येच तिने विचारलं,

"माझी चालंल का?"

बायको म्हणाली, "आई, तुम्ही कशाला?"

"कशाला म्हंजी? इचारते. तपासून तर बघू द्या."

तपासलं. रक्तगट जुळला. वयाच्या मानाने तिची तब्येत इतकी ठणठणीत निघाली की तपासणारे डॉक्टर हसून म्हणाले, "मावशी, तुम्ही काय खाता?" पण सासू ही कायद्याने रक्ताच्या जवळच्या नात्यात मोडत नाही. त्यामुळे पुण्यात एका समितीसमोर जावं लागलं. सुनेसाठी सासूवर घरच्यांनी जबरदस्ती तर केली नाही ना, हे त्यांना पाहायचं असतं. खोलीत कॅमेरा लावला होता. आई नवं लुगडं नेसून, पदर डोक्यावरून घेऊन, ताठ बसली.

समितीतल्या बाईंनी विचारलं, "तुमच्यावर मुलाचा किंवा सुनेचा काही दबाव आहे का?"

आई म्हणाली, "हिचा दबाव? हिला अजून धड भाकरी थापता येत न्हाई, ही माझ्यावर काय दबाव आनती!"

बाईंना हसू आवरेना. मग त्या गंभीर होऊन म्हणाल्या, "मग का देताय?"

आईने थोडा विचार केला. "माझं एक नातवंड गेलं. मला काई करता आलं न्हाई. ह्यात करता येतंय."

बायको माझ्या शेजारी बसली होती. तिने खाली मान घातली ती बाहेर येईपर्यंत वर केली नाही.

ऑपरेशन पुण्यात झालं. सकाळी आधी आईला आत नेलं, मागोमाग बायकोला. दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले की किडनी जोडता जोडताच लघवी सुरू झाली. मला त्या वाक्याचा एवढा आनंद होईल असं मला कधी वाटलं नव्हतं. दोघी वेगवेगळ्या खोल्यांत होत्या. आईने शुद्धीवर आल्यावर पहिलं विचारलं ते, "चालती का?" आणि पुढची पाच-सहा वर्षं ती हेच विचारत राहिली. रोज सकाळी फोन करायची. शिक्षकांच्या खोलीत बायकोचा मोबाईल वाजला की सगळे हसायचे, कारण पलीकडून आईचा आवाज खोलीभर ऐकू यायचा, "आज कितींदा झाली गं?" बायको लाजून कोपऱ्यात जायची, पण उत्तर द्यायची.

नवी किडनी पाठीमागे बसवत नाहीत. पुढे, उजव्या कुशीत, ओटीपोटापाशी बसवतात. जुन्या दोन्ही तशाच आत ठेवतात. हे आईला कळल्यावर ती फार दिवस त्याच विचारात होती. जामखेडला आली की बायकोच्या कुशीवर पदरावरूनच हात ठेवायची आणि म्हणायची, "हितं हाय ती." बायको पहिल्यांदा अंग चोरायची. मग सवय झाली. मग मी पाहिलं की आई आली की बायको स्वतःच तिच्या शेजारी उजव्या अंगाने सरकून बसते.

शाळा पुन्हा सुरू झाली. सगळे मास्क लावायला शिकले त्याच्या कितीतरी आधीपासून ती मास्क लावून शिकवत होती, कारण शरीराने परकी किडनी टाकून देऊ नये म्हणून जी औषधं घ्यावी लागतात, ती शरीराची सगळीच पहारेदारी ढिली करतात. साधी सर्दीही तिला महागात पडायची. दहावीला उत्सर्जन संस्था शिकवताना एका मुलीने विचारलं, "मॅडम, माणसाला दोन किडन्या असतात. मग तुम्हाला किती आहेत?"

"तीन," ती म्हणाली. "त्यातल्या दोन रिटायर झाल्यात. तिसरी माझ्या सासूबाईंची आहे, ती लवकर रिटायर होणाऱ्यातली नाही."

वर्ग हसला. ती घरी येऊन मला हे सांगताना स्वतःही हसत होती. आमच्या घरातले ते दिवस चांगले होते. आई पंधरा-पंधरा दिवस राहायची. भाकरी आईच थापायची आणि बायको शेजारी बसून मुलांचे पेपर तपासायची. भाकरीचा विषय कायमचा संपला होता.

मग एका तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. क्रिएटिनिन म्हणजे रक्तात साचणारा एक टाकाऊ पदार्थ. किडनी थकली की तो वाढतो. औषधं बदलली, थोडं खाली आलं, पुन्हा वर गेलं. पुण्याला जाऊन किडनीचा बारीकसा तुकडा काढून तपासला. शरीर त्या किडनीला हळूहळू, सावकाश नाकारत होतं. डॉक्टरांनी सांगितलं की औषधाचा एकही डोस न चुकवता हे होऊ शकतं. आम्ही दोघांनी ठरवलं की आईला एवढ्यात सांगायचं नाही.

आईला कळायला वेळ लागला नाही. संक्रांतीला ती आली, बायकोला बांगड्या भरायला बसवलं, आणि मागच्या वर्षीच्या मापाची बांगडी हातात जाईना. आईने तिच्या पायाकडे पाहिलं. चपलेच्या पट्ट्याचा खोल वण उठलेला. तिने नडगीवर अंगठा दाबला, खड्डा पडला, तो भरून यायला वेळ लागला. तिने बांगडी कागदात परत गुंडाळली.

"बंद पडत आली व्हय?" ती म्हणाली. "माझी किडनीच कमी पडली. म्हातारीची दिली, चुकलंच."

"नाही हो आई," बायको म्हणाली. "किडनी चांगलीच आहे. माझंच शरीर तिला परकी समजतंय."

"एवढी वर्सं तुझ्यात राहून बी परकीच?"

बायकोने तिचे हात धरले. मी उठून बाहेर गेलो.

त्या उन्हाळ्यात डायलिसिस सुरू झालं. हातातली रक्तवाहिनी दुसरीला जोडून देतात, त्याला फिस्टुला म्हणतात. तिथे रक्त एवढ्या जोराने वाहतं की हात लावला तर आतून घरघर लागते. आईने एकदा तिथे कान लावून ऐकलं आणि घाबरून मागे सरकली. आठवड्यातून तीनदा आम्ही एसटीने नगरला जायचो, आष्टी, कडा करत. सकाळची गाडी, चार तास यंत्रावर, संध्याकाळी परत. माझी सुट्टी संपली की आई बरोबर जायची. बायकोने शाळा सोडली. शेवटच्या दिवशी मुलांनी तिला निरोप दिला, पण फुलांचं काही आणू नका म्हणून तिने आधीच सांगून ठेवलं होतं.

दुसरी किडनी मिळण्यासाठी पुण्यात नाव नोंदवलं. पण एकदा परकी किडनी बसवलेली असली आणि वरून रक्त चढवलेलं असलं की शरीरात तिच्याविरुद्ध लढणारे घटक तयार होऊन बसतात. मग पुढची किडनी जुळणं अवघड होतं. बायको विज्ञानाचीच, तिला हे समजावून सांगावं लागलं नाही. एकदाच फोन आला. एका अपघातातल्या माणसाच्या घरच्यांनी त्याचे अवयव द्यायचं ठरवलं होतं. तिघं टेम्पो ट्रॅव्हलरने पुण्याला धावलो. तिथे आणखी एका बाईलाही बोलावलं होतं. ती आणि बायको एकाच बाकावर बसल्या, रक्त दिलं, एकमेकींना आजाराचा इतिहास सांगितला. संध्याकाळी कळलं की तपासणीत बायकोच्या रक्ताने त्या माणसाच्या पेशींवर हल्ला केला. जुळत नाही. ती बाई रडतच आत गेली, जाताना तिने बायकोला मिठी मारली. परतीच्या वाटेवर बायको म्हणाली, "तिचं तरी झालं." आई म्हणाली, "व्हय." मग खूप वेळाने आई म्हणाली, "ज्याची व्हती त्याची आई आत्ता काय करत आसंल?"

त्याच काळात परदेशातल्या बातम्या यायला लागल्या. डुकराची किडनी माणसाला बसवली. बायको डायलिसिसच्या खुर्चीत पडल्या पडल्या मोबाईलवर हे सगळं वाचायची, इंग्रजी लेख शोधायची आणि त्या खोलीतल्या बाकीच्यांना मराठीत सांगायची. साखर कारखान्यातला एक फिटर होता, तो आला की पहिलं विचारायचा, "मॅडम, आज काय नवीन?" मग ती सांगायची. डुकराची किडनी आकाराने माणसाच्या किडनीसारखीच असते. पण माणसाचं शरीर ती ओळखतं आणि काही मिनिटांत मारून टाकतं. म्हणून शास्त्रज्ञांनी डुकराच्या जनुकांतच फेरफार केला. ज्या खुणांवरून शरीर परक्याला ओळखतं, त्या काढल्या. माणसाच्या काही खुणा घातल्या. अशी डुकरं अगदी स्वच्छ जागेत वाढवतात.

शेजारच्या खुर्चीवर नगरचे एक चाचा असायचे, पांढरी दाढी, सदा हसतमुख. फिटर दबकत त्यांना म्हणाला, "चाचा, तुम्हाला तर हे चालायचं नाही."

"मौलानांना विचारून ठेवलंय मी," चाचा म्हणाले. "जीव वाचवायला दुसरा काही उपाय नसेल तर मुभा आहे म्हणाले. तू तुझं बघ. तुझी माळकरी आई तुला घरात घेईल का?"

सगळी खोली हसली. सुई टोचायला आलेली नर्ससुद्धा हसली.

पहिला रुग्ण काही आठवड्यांनी गेल्याचीही बातमी आली. त्या दिवशी बायकोने खोलीत काही वाचून दाखवलं नाही. फिटरने विचारल्यावर एवढंच म्हणाली, "तो गेला. पण किडनी निकामी झाल्यामुळे नाही गेला, असं डॉक्टर म्हणतायत." थोड्या वेळाने चाचा म्हणाले, "घरी तर गेला होता ना तो? बिनयंत्राचं घरी झोपला असेल काही दिवस."

आईला तिने हे गावी, घराच्या ओट्यावर बसून सांगितलं. डायलिसिसच्या मधल्या दिवशी आम्ही कधी कधी गावी जायचो. बायकोला वाटलं होतं आई तोंड वाकडं करील. आई म्हणाली, "डुकराची तर डुकराची. बसली म्हंजी झालं." मग तिने विचारलं, "मंग त्या डुकराचं काय व्हतं?"

हे बायकोच्या कधी मनात आलं नव्हतं. इतके लेख वाचले होते तिने. "मरतं, आई."

"मरनारच की." आई शेळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "मला जगायला मिळालं देऊन. त्याला ते बी न्हाई."

त्या ओट्याच्या वर कुडावर घोसाळ्याचा वेल वाळला होता. बायकोने त्यातलं एक वाळकं घोसाळं तोडलं, साल काढली, बिया झटकल्या, आणि आतली पांढरी जाळी आईच्या हातात दिली. आम्ही लहानपणी अंग घासायला तीच वापरायचो. "हे बघा आई," ती म्हणाली, "शास्त्रज्ञ आणखी एक गोष्ट करतायत. किडनी घेतात आणि साबणासारख्या पाण्याने तिच्या सगळ्या पेशी धुऊन काढतात. मग नुसती अशी जाळी उरते. पांढरी. तिला आकार असतो, नळ्या असतात, पण जीव नसतो. मग आजारी माणसाच्याच पेशी घेऊन त्या जाळीत वाढवायच्या. म्हणजे किडनी त्याचीच तयार होईल."

"तुझ्याच पेशी?"

"माझ्याच."

"मंग तुझं अंग तिला परकी म्हननार न्हाई."

"नाही म्हणणार."

आईने ती जाळी उन्हात धरून आरपार पाहिली. "कवा व्हनार हे?"

बायको हसली. "अजून उंदीर, डुकरं यांच्यावरच चाललंय. पूर्ण किडनी कुणाला जमली नाही. रक्ताच्या बारीक नळ्या नीट भरत नाहीत. कुणी यंत्रावर छापून बघतंय, कुणी पेशींपासून इवल्याशा किडन्या वाढवतंय, वाटाण्यापेक्षा लहान."

"तोवर तू दम धर," आई म्हणाली, जसं काही ते दोन-चार हंगामांचं काम होतं.

नगरच्या डॉक्टरांना बायकोने एकदा सरळ विचारलं. मी शेजारी उभा होतो. "सर, आपल्याकडे हे कधी येईल?" डॉक्टर तरुण होते, खोटं बोलण्याची सवय अजून लागलेली नव्हती. म्हणाले, "मॅडम, येईल. पण तुमच्यासाठी वेळेत येईल असं मी म्हणू शकत नाही."

"नका म्हणू," ती म्हणाली. "येईल एवढं पुरे."

बाहेर आल्यावर मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "अहो, आपल्या दहावीच्या मुली आहेत ना, त्यांच्या मुलांच्या वेळी हे नक्की असेल. कुणालाच कुणाकडे मागावं लागणार नाही." मग जरा थांबून म्हणाली, "आईंकडून घेतली ते मात्र बरं झालं. नाहीतर आमची ओळखच झाली नसती."

ती गेली ती एका डायलिसिसच्या सकाळी. दोन दिवसांपासून दम लागत होता. खुर्चीत बसली, नर्सने हात पुसायला घेतला, आणि ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मला जरा धरा." मी धरलं. तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं आणि तिथेच जड झालं. त्यांनी तिला खाली घेतलं, छातीवर दाब दिले, यंत्रं आणली. चाचा आणि फिटर आपापल्या खुर्च्यांत नळ्यांना बांधलेले, हलता येत नव्हतं त्यांना. चाचांनी डोळे मिटून घेतले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. हृदय पुन्हा सुरू झालं नाही.

नेत्रदानाचं तिचं आधीपासून ठरलेलं होतं. बाकी शरीरातलं कुणाच्या उपयोगी पडणार नव्हतं, निदान डोळे तरी, असं तिचं म्हणणं. नगरमध्येच ते झालं, लवकर झालं. तिच्या पापण्या मिटलेल्या होत्या, पाहणाऱ्याला काही कळत नव्हतं.

दुपारनंतर तिला गावी आणलं. आईने कुणाला हात लावू दिला नाही, स्वतः अंघोळ घातली. मी दारात उभा होतो. आईने तिच्या उजव्या कुशीवर हात ठेवला आणि मला विचारलं,

"ती हितंच हाय का? का काढून घेतली व्हती?"

"आतच आहे. बंद पडली तरी काढत नाहीत."

"बरं केलं." तिने हात तिथेच ठेवला. "जाऊ दी तिच्यासंगट. एकटी जायाची न्हाई मंग."

तिसऱ्या दिवशी राख सावडायला आई स्मशानात आली. बायका येत नाहीत म्हणून भावकीतल्या एकाने अडवलं. आई त्याला म्हणाली, "माझं बी हाय त्यात." तो बाजूला झाला.

गावात काही जण बोलले. म्हातारीने किडनी फुकट घालवली, शेवटी काय झालं. एका चुलतीने तर आईच्या तोंडावर म्हटलं. आई तिच्यापुढे चहाचा कप ठेवत म्हणाली, "पाच-सहा वर्सं पोरगी शाळेत गेली. फुकट कशी?" त्यानंतर तो विषय कुणी आमच्या घरात काढला नाही. आई रडलीही नाही. तिचं एवढं कोरडं राहणं मला जाचायला लागलं होतं. मी जामखेडच्या घरी एकटा होतो, तिने यावं असं मला वाटत होतं, आणि यावेळी ती न बोलता आली. शेळ्या तिने विकून टाकल्या.

किडनी दिलेल्या माणसाची दरवर्षी तपासणी करतात. गेल्या वर्षी मी आईला पुण्याला घेऊन गेलो. तिची एकच किडनी चांगली चालली आहे. डॉक्टर म्हणाले दोघींचं काम ती एकटी करते आहे. बाहेर बाकावर नंबरची वाट बघताना एक बाई आमच्याजवळ येऊन बसली. साताऱ्याकडची असावी, बोलण्यावरून तसं वाटलं. तिला स्वतःच्या मुलीला किडनी द्यायची होती, तपासण्या चालू होत्या, आणि भीती वाटत होती. पदराचं टोक ती सारखं बोटाला गुंडाळत होती.

"मावशी, तुम्ही दिलीत का?"

"दिली की."

"लई दुखतं का हो?"

"चार दिस दुखतं. मंग काई न्हाई. म्या ज्वारी काढली पुढच्या सालाला."

त्या बाईचा चेहरा जरा सैल झाला. "कुणाला दिलीत?"

"सुनंला."

"सुनेला! नशीबवान हो सून." मग तिने विचारायचं तेच विचारलं. "मग आता कशी आहे ती?"

मी आईकडे पाहिलं. आई त्या बाईकडे पाहत होती.

"बरी हाय," आई म्हणाली. "शाळेत शिकवती. इज्ञान."

त्या बाईने हात जोडले आणि तिचा नंबर आला म्हणून ती उठून गेली. आमचंही काम झालं. शिवाजीनगरहून गाडी पकडली. नगर येईपर्यंत आई खिडकीशी टेकून बसली होती, मला वाटलं झोपली. नगर सोडल्यावर तिने माझं मनगट धरलं.

"खोटं बोलले रं."

"मला माहीत आहे."

"खरं सांगितलं आसतं तर तिचा पाय मागं सरला आसता. तिची पोर हाय तिथं आत."

आणि मग ती रडायला लागली. बायको गेल्यापासून पहिल्यांदा. तोंडात पदर कोंबून, आवाज न करता, सगळं अंग हलत होतं. पुढच्या बाकावरच्या माणसाने वळून पाहिलं आणि परत पुढे बघायला लागला. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसलो. कडा आलं, गेलं. आष्टीला गाडी थांबली तेव्हा ती थोडी शांत झाली. डोळे कोरडे करून म्हणाली,

"त्या बाईला फोन लाव. झालं का पोरीचं ते इचारू."

आम्ही तिचा नंबर घेतला नव्हता. नावही विचारलं नव्हतं.